सोसायटीच्या गार्डसाठी अर्ध्या दिवसाचा सुरक्षा वर्ग : कर्वेनगरमधला आमचा अनुभव

आमच्या सोसायटीने यंदा गेटवरच्या गार्डसाठी अर्ध्या दिवसाचा प्रशिक्षण वर्ग ठेवला होता. शिकवायला आले होते सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि त्यांचे दोन सहकारी. मोठी कंपनी नाही, तिघंच मिळून हे काम करतात आणि सोसायट्यांच्या दारात जाऊन शिकवतात. नाव मुद्दाम देत नाही. मला वर्गाबद्दल लिहायचंय, आणि पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे त्या एका माणसाच्या माथी मारायच्या नाहीत. असा वर्ग ठेवायचा विचार तुमच्या सोसायटीत चालला असेल तर काय मागून घ्यावं आणि कशाला नाही म्हणावं, एवढं यातून कळलं तरी पुरे.

तारीख त्यांनीच सुचवली : १३ डिसेंबर. संसदेवर हल्ला झाला तो दिवस. दरवर्षी त्या दिवशी ते कुठल्या ना कुठल्या गेटवर हा वर्ग घेतात.

आमच्या व्यवस्थापन समितीत लगेच प्रश्न आला, "ताई, आपल्याकडे सायकली जातात, पेट्रोल काढून नेतात. संसदेचा आणि कर्वेनगरच्या गेटचा काय संबंध?" मी मात्र याच वर्गासाठी आग्रह धरला. माझी नोकरी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत गेली, त्यातली बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर. टेबल दाराला लागून होतं, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्या डोळ्यांसमोरून जायचा. हातात फाईल असलेल्या माणसाला कोणी हटकत नाही, आणि लखोट्यावर वरच्या कार्यालयाचा गोल शिक्का असला की तो कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, हे मी रोज पाहिलं आहे. २००१ साली त्या गुरुवारी आमची सगळी शाखा साहेबांच्या खोलीतल्या टीव्हीसमोर उभी होती. गाडीवर गृहमंत्रालयाचा स्टिकर होता, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्या दारातून तर ती गाडी सलाम घेऊनच आत आली असती.

वर्गाची पहिली गोष्ट आवडली ती ही, की तो क्लबहाउसमध्ये झाला नाही, गेटवर झाला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सुभेदारांनी खडू घेतला आणि पेव्हिंग ब्लॉकवर जुन्या संसद भवनाचा मोठा गोल काढला. भोवती फाटकं, आतले रस्ते, उपराष्ट्रपतींच्या ताफ्यासाठी गाड्यांचे चौकोन. मग पांढरी अ‍ॅम्बॅसेडर म्हणून एक काडेपेटी घेतली आणि ती हातानं सरकवत सगळा प्रसंग उभा केला.

सकाळी अकरा चाळीसच्या सुमाराला ती गाडी आवारात शिरली. टपावर लाल दिवा, काचेवर तो बनावट स्टिकर. आत पाच जण, रायफली, हातबाँब आणि स्फोटकं. दोन्ही सभागृहं गोंधळामुळे थोड्याच वेळापूर्वी तहकूब झाली होती, पण शंभराहून जास्त खासदार अजून इमारतीतच होते. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचा ताफा निघायच्या तयारीत उभा असल्यामुळे गाडीची वाट अडली. राज्यसभा सचिवालयाच्या सुरक्षा विभागातल्या जगदीश प्रसाद यादव यांना ती खटकली आणि ते तिच्यामागे धावले. घाईघाईनं मागे घेताना गाडी उपराष्ट्रपतींच्या गाडीवर आदळली, आणि मग पाचही जण गोळ्या झाडत उतरले.

इथे सुभेदार थांबले. कमलेश कुमारी यादव हे नाव त्यांनी गार्डकडून तीनदा म्हणवून घेतलं. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या कॉन्स्टेबल, उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या, दोन मुलींची आई. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती, कारण तिथे नेमलेल्या महिला कॉन्स्टेबलना तेव्हा शस्त्र दिलं जात नसे. हातात फक्त वॉकीटॉकी. गाडीत काहीतरी काळंबेरं आहे हे ओळखून त्यांनी आरडाओरडा केला, इशारा दिला. त्यांना अकरा गोळ्या लागल्या. तोवर इमारतीची दारं बंद व्हायला लागली होती. राज्यसभेच्याच सुरक्षा विभागातले मातबर सिंह नेगी यांनी गोळ्या लागलेल्या असताना आपलं दार बंद केलं. पाचांपैकी एकही अतिरेकी इमारतीत शिरू शकला नाही, पाचही बाहेरच मारले गेले. यादव, नेगी आणि कमलेश कुमारी या तिघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दिल्ली पोलिसांचे पाच जण गेले. आणि देशराज नावाचे माळी गेले, ते तिथे बागेच्या कामावर होते.

माळी म्हटल्यावर मी मागे वळून पाहिलं. आमचे माळीदादा कुंड्यांना पाणी घालत होते, कारण वर्गाच्या यादीत फक्त गार्ड होते. मी त्यांना बोलावून बसवलं, झाडलोट करणाऱ्या मावशींनाही बोलावलं. सुभेदारांनी लगेच जागा करून दिली, पण ही यादी मुळात त्यांनीच अशी बनवायला हवी होती. आवारात दिवसभर वावरणारी ही माणसं आहेत. कोण नवीन दिसतंय, कुठली पिशवी कालपासून पडली आहे, हे गार्डच्या आधी त्यांना कळतं.

मग प्रात्यक्षिक. आमच्या गार्डना सांगितलेलं नव्हतं, समितीला माहीत होतं. सुभेदारांचे सहकारी एक पांढरी मोठी गाडी घेऊन बाहेरून आले. पुढच्या काचेमागे लाल अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’ असा पुठ्ठा. त्या वेळी गेटवर असलेले आमचे गार्डकाका ताडकन उठले, बूम बॅरियर वर केला आणि कडक सलाम ठोकला. गाडी सरळ लिफ्टपर्यंत आली.

सुभेदार चिडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काका, काय पाहिलंत?"

"साहेबांची गाडी."

"साहेब पाहिलात?"

"नाही. काच काळी होती."

"मग साहेबांची कशावरून?"

काका काहीच बोलले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला तेव्हा सुभेदारांनीच सांगितलं की दिल्लीत, एवढ्या बंदोबस्तात, गाडी आत आलीच होती. त्यांनी मग रीत शिकवली. बॅरियर खालीच. गाडीच्या समोर उभं राहायचं नाही, चालकाच्या बाजूनं जायचं. काच खाली करायला लावायची आणि माणसाच्या तोंडाकडे बघून विचारायचं : कोण, कोणाकडे, कशासाठी. फ्लॅटवर इंटरकॉम करून होकार आल्याशिवाय बॅरियर उचलायचा नाही. सगळ्यांकडून हे पुन्हापुन्हा करून घेतलं, मोटारवाल्यांचे आवाज चढवून, दमदाटी करून, "मला ओळखत नाहीस का?" असं म्हणून.

एका तरुण गार्डनं चांगला प्रश्न विचारला : अ‍ॅम्ब्युलन्स आली तर? उत्तर ठरलेलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स अडवायची नाही, पण एक माणूस तिच्याबरोबर पळत जाणार आणि दुसरा तेवढ्यात फ्लॅटवर फोन लावणार. दोन माणसं गेटवर नसतील तर हे जमणार नाही, हेही त्यांनी समितीला तोंडावर सांगितलं. दुपारी जेवणाच्या वेळेला आमच्या गेटवर एकच जण असतो.

वर्गातला सगळ्यात महत्त्वाचा भाग यानंतर आला, आणि तो गार्डसाठी नव्हताच. नांदेडकडचे एक वयस्कर गार्ड उठून म्हणाले, "मॅडम, मी मागं एक गाडी थांबवली होती. स्टिकर नव्हता. पाहुणे निघाले. त्यांनी वर तक्रार केली, मला मागच्या पार्किंगला टाकलं. तेव्हापासून मी कुणालाच थांबवत नाही."

सगळे गप्प झाले. त्यांना मागे टाकलं होतं ते आम्हाला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीनं, पण तक्रार आमच्यातल्याच एका घरातून गेली होती. सुभेदार खुर्च्यांच्या मागच्या रांगेकडे वळले, तिथे आम्ही रहिवासी बसलो होतो. म्हणाले, हटकल्याबद्दल गार्डला शिक्षा होणार असेल तर माझा वर्ग फुकट आहे, पैसेही देऊ नका. त्यांनी समितीकडून लिहून घेतलं : गेटवर थांबवल्याबद्दल कोणाही गार्डविरुद्ध तक्रार घेतली जाणार नाही, गार्डला बदलायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल, आणि अध्यक्षांची गाडीसुद्धा थांबवली जाईल. अध्यक्षांनी सही केली. तो कागद आता गेटच्या केबिनमध्ये लावला आहे, मराठीत आणि हिंदीत. एवढ्या एका कागदासाठी मी या वर्गाचे पैसे पुन्हा देईन. कमलेश कुमारींनी ओरडून सांगितलं आणि दारं बंद झाली, कारण तिथे ओरडणाऱ्याचं ऐकलं जात होतं. गेटवरच्या माणसाला संशय घ्यायचा हक्क आपण देतो का, यावरच सगळं आहे. मेटल डिटेक्टर, कॅमेरे, बिल्ले हे त्याच्या नंतर.

मध्ये मी परवानगी घेऊन फरासखान्याची गोष्ट सांगितली. नव्या मुलांना ती माहीतच नव्हती. १० जुलै २०१४, दुपारची वेळ. फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये एका मोटारसायकलचा स्फोट झाला. दगडूशेठ गणपती तिथून हाकेच्या अंतरावर, सतत वर्दळ. काही जण जखमी झाले, सुदैवानं कोणी दगावलं नाही. मोटारसायकल निघाली पोलिसाचीच, साताऱ्याहून चोरलेली. पोलीस ठाण्याच्या आवारात पोलिसाची गाडी उभी आहे, तर कोणाला खटकणार? मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीही तेच झालं. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांचा जीव घेऊन अतिरेकी पोलिसांच्याच गाडीतून निघाले आणि रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडत गेले. त्यातल्या एकाला पुढे गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या हातांनी धरून ठेवलं.

सुभेदारांनी याला जोडून २०२३ चं सांगितलं. तारीख पुन्हा १३ डिसेंबरच. लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उडी मारली आणि बुटांत लपवलेल्या नळकांड्यांमधून रंगीत धूर सोडला. त्यांच्याकडे प्रवेशाचे पास होते, खासदाराच्या शिफारशीवर मिळालेले. पुढे मे २०२४ मध्ये संसदेच्या सुरक्षेचं काम केंद्रीय राखीव पोलीस दलाकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेलं. स्टिकर, पोलिसाची दुचाकी, पास. ज्यानं आपली खात्री पटते त्याच्याच आडून माणूस आत येतो, हे गार्डच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. एकानं तर लगेच विचारलं, मग आपल्या सोसायटीच्या स्टिकरचं काय? विकलेल्या गाड्यांवरही ते तसेच असतात. हा प्रश्न समितीच्या एकाही बैठकीत आला नव्हता. आता जुने स्टिकर रद्द करून नवे, दरवर्षी रंग बदलणारे काढले आहेत.

दुसरं प्रात्यक्षिक बेवारस पिशवीचं होतं. टपालपेट्यांखाली एक काळी सॅक ठेवली. आमच्या मावशींना ती पहिल्यांदा दिसली आणि त्यांनी नेहमीच्या सवयीनं उचलून केबिनकडे न्यायला घेतली. सुभेदारांनी तिथेच थांबवलं. हात लावायचा नाही, हलवायची नाही, उघडून बघायची तर नाहीच. माणसं लांब करायची, लांब जाऊनच ११२ ला फोन करायचा. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला टेबलाखाली ठेवलेल्या अशाच एका बॅगेनं सतरा जणांचा जीव घेतला, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पण त्या संध्याकाळी आमचे निम्मे गार्ड शाळेत होते, काही तर बिहार-ओडिशात. त्यांना सांगावंच लागतं.

आता त्रुटी.

माहितीपत्रक इंग्रजीत होतं. शिकवणं उत्तम मराठी-हिंदीत आणि हातात दिलेला कागद इंग्रजीत, म्हणजे तो घडी होऊन खिशात जाणार. मी दोन दिवसांत त्याचं मराठी करून दिलं, ते त्यांनी आनंदानं घेतलं.

मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली, हल्ल्याची दृश्यं आणि मागे जोशपूर्ण संगीत. मला ते अजिबात पटलं नाही. तिथे पडलेली माणसं आपली आहेत, त्यांच्या घरचे लोक हयात आहेत. २००६ साली शहिदांच्या कुटुंबांनी न्यायाला उशीर होतोय म्हणून पदकं परत केली होती, इतकं ते दुःख ताजं होतं. खडूनं काढलेला नकाशा पुरेसा होता, त्यातूनच गार्डना जास्त कळलं. मी हे सुभेदारांना बाजूला घेऊन सांगितलं. ते पुढच्या वेळी काढतात का, ते बघायचं.

रात्रपाळीचे दोघं बारा तासांची ड्यूटी करून थेट वर्गाला बसले होते. त्यांचे डोळे मिटत होते. हा दोष शिकवणाऱ्यांचा कमी आणि बारा-बारा तास राबवणाऱ्या पद्धतीचा जास्त, तरीही रात्रपाळीसाठी वेगळी वेळ हवीच. धोका रात्री जास्त असतो.

शेवटी थोडी विक्री झाली. गाडीखाली बघायचा आरसा आणि दाराची मेटल डिटेक्टरची चौकट, दोन्हींची पत्रकं वाटली. आम्ही दोन्ही घेतली नाहीत. ती चौकट किती ठिकाणी पाहिली आहे मी! चाव्या, पट्टा, डबा, सगळ्याला वाजते आणि शेजारी बसलेला माणूस मान वर करत नाही. बघणारा प्रशिक्षित माणूस आणि बाजूला घेऊन तपासायला जागा नसेल तर ती घेऊ नये. त्याऐवजी आम्ही बंद पडलेला इंटरकॉम दुरुस्त केला आणि दोन वॉकीटॉकी घेतले.

आणखी एक गोष्ट, ती या वर्गाच्या बाहेरची असली तरी समितीवाल्यांनी लक्षात ठेवावी. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या आदर्श नियमांत गार्डला किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही किमान २० कामाच्या दिवसांत, सांगितलं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी, ४० आणि १६ तास. आमच्या गार्डना विचारलं तर कोणी एक दिवस म्हणालं, कोणी म्हणालं गणवेश दिला आणि थेट गेटवर पाठवलं. अर्ध्या दिवसाचा वर्ग त्या तासांची जागा घेऊ शकत नाही, सुभेदारांनीही तसा दावा केला नाही. एजन्सीकडून प्रत्येक गार्डचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा. आणि करारात घालून घ्या की प्रशिक्षण झालेला गार्ड सहा महिने तरी हलवायचा नाही. आमच्याकडे वर्गाला बसलेल्यांपैकी एकाची दुसऱ्या साइटवर बदली झालीच होती, ती समितीनं पत्र देऊन थांबवली.

वर्गानंतर गेटवर फरक दिसतो का? दिसतो. परवा माझ्या भाच्याला, तो दर रविवारी येतो तरी, काच खाली करायला लावली आणि मला इंटरकॉम आला. तो जरा कुरकुरला. मी गेटवर जाऊन काकांना सगळ्यांदेखत शाबासकी दिली, कारण हे काम आम्हा रहिवाशांचं आहे.

खर्च ९,००० रुपये, वीस माणसांपर्यंत, साधारण चार तास. चहा-नाश्ता आपला. कोथरूड, वारजे, सिंहगड रोडला येण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, चाकण-तळेगावला घेतात. तीन महिन्यांनी उजळणीसाठी येतात, पण त्याचे २,५०० वेगळे. ती उजळणी मुख्य पैशांतच असायला हवी असं माझं मत आहे, तरी आम्ही ती घेतली आहे आणि या वेळी रात्रपाळीची बॅच संध्याकाळी सहाला ठेवली आहे. डिसेंबरातली तारीख हवी असेल तर दिवाळीच्या आधीच बोलून ठेवा, नंतर मिळत नाही.